पंचांग शिकताना: मुहूर्त नंतर, आधी तिथी

पंचांग शिकायला लागलो आणि पहिली फजिती संकष्टीला झाली. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात शेजारच्या काकूंनी सकाळी विचारलं, "काय रे, संकष्टी आज की उद्या?" मी रुबाबात पान उघडलं. आज सूर्योदयाला तृतीया, उद्या चतुर्थी. म्हटलं, "उद्या." काकू हसल्या. "अरे, चंद्र आजच चतुर्थीत उगवतोय. उद्या तो उगवेपर्यंत पंचमी लागलेली असेल. मी साबुदाणा भिजवून बसलेय."

तेव्हा नव्याने शिकणाऱ्याने मुहूर्ताच्या नादी लागण्याआधी तिथी पचवावी. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. त्याची चाल एकसारखी नसते, म्हणून एखादी तिथी २० तासांत उरकते, एखादी २६ तासही रेंगाळते. पानावर तिथीपुढे छापलेली वेळ ती संपण्याची असते, लागण्याची नव्हे. इथे मी महिनाभर घसरत होतो. सूर्योदयाची तिथी त्या दिवसाची. एकाही सूर्योदयाला न सापडणारीचा क्षय, दोन सूर्योदय पाहणारीची वृद्धी. पण व्रतं सगळी सूर्योदयावर चालत नाहीत. संकष्टीला चंद्रोदय बघायचा, प्रदोषाला तिन्हीसांज, गणेश चतुर्थीला मध्यान्ह.

आणि मध्यान्ह म्हणजे घड्याळातले १२ नव्हेत! आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, पुणे ७३.८५ च्या आसपास, म्हणजे साधारण ३५ मिनिटांचा फरक. गुरुजींनी गच्चीवर काठी उभी करून सावली मोजायला लावली होती. उन्हात डोकं तापलं, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला सावली १२.१८ च्या सुमारास सगळ्यांत आखूड होते आणि फेब्रुवारीत १२.४९ च्या, हे तेव्हाच डोक्यात बसलं. अभिजित मुहूर्त, म्हणजे रोजचा दुपारचा शुभ काळ, या क्षणाच्या अलीकडे-पलीकडे प्रत्येकी सुमारे २४ मिनिटं. राहुकाळाचंही, म्हणजे रोजच्या अशुभ मानलेल्या काळाचंही, तसंच: दिनमानाचे (सूर्योदय ते सूर्यास्त) आठ भाग करायचे, सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा. सोमवारचं साडेसात ते नऊ हे पाठांतर सूर्य सहाला उगवतो असं धरून केलेलं आहे.

करण म्हणजे अर्धी तिथी. त्यातलं विष्टी तेवढं ओळखा, तीच शुभकार्याला टाळायची भद्रा. योग (चंद्र-सूर्याच्या अंशांच्या बेरजेवरून ठरतो तो) मी अजूनही पान बघूनच सांगतो.

एक प्रयोग जरूर करा. दाते आणि टिळक ही दोन पंचांगं शेजारी ठेवा. तिथीच्या वेळा जुळतात, नक्षत्राच्या नाही. दोघांच्या अयनांशात, म्हणजे वसंतसंपातापासून राशिचक्राचा आरंभ किती अंशांवर धरायचा त्यात, सुमारे ४ अंशांचा फरक आहे. तिथी ही चंद्र-सूर्याची वजाबाकी, तिच्यात अयनांश कटून जातो. नक्षत्रात तो उरतो. संक्रांतीही सरकते, आणि ज्या चांद्रमासात संक्रांत नाही तो अधिक, म्हणून अनेकदा अधिक महिनाही दोघांचा वेगळा येतो. त्यामुळे पुण्यात कुणी नक्षत्र विचारलं की मी आधी विचारतो, "तुमच्या घरी पंचांग कुठलं?"