नॉक सेन्सर बदलायच्या आधी एवढं बघा

नॉक सेन्सर म्हणजे इंजिनमधली टकटक (नॉकिंग) ऐकून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, कळवणारा सेन्सर. चेक इंजिन लाईट लागली, स्कॅनरवर पी०३२५ हा एरर कोड आला की लोक लगेच नवीन सेन्सर मागवतात, पण थांबा जरा. हा कोड सेन्सरच्या सर्किटचा आहे, म्हणजे दोष वायर नाहीतर कनेक्टरमधे पण असू शकतो. आधी कनेक्टर काढून बघा, पिनांवर हिरवट गंज किंवा तेल आहे का, वायर उंदराने कुरतडलीय का. आणि चढावर खरंच टकटक येत असेल तर ते बरेचदा खराब पेट्रोल नाहीतर इंजिनमधे साठलेल्या कार्बनमुळे असतं, सेन्सर बिचारा फक्त सांगतोय.

टेस्ट सोपी आहे, मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर लावून सेन्सरच्या दोन्ही पिनांना जोडा आणि सेन्सरच्या जवळ इंजिन ब्लॉकवर पान्याने हलकं ठोका, आकडा हलला पाहिजे. सेन्सरवर मात्र अजिबात ठोकू नका, आतला क्रिस्टल फुटतो.

बदलताना इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली. काही गाड्यांमधे सेन्सर इनटेक मॅनिफोल्डखाली (इंजिनमधे हवा नेणाऱ्या नळ्यांखाली) असतो, मग काम वाढतं, गॅस्केट पण नवीन लागतं. ब्लॉकवरची जागा चकचकीत पुसा, मधे वॉशर, ग्रीस काही नको. आणि बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, बऱ्याच गाड्यांना साधारण २० न्यूटन मीटर असतो पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधे बघाच, कारण कमीजास्त आवळला तर नवीन सेन्सर पण चुकीचं ऐकतो, ईसीयू उगाच स्पार्कचं टायमिंग मागे घेतं, पिकअप जातो आणि मायलेज पण.