जुन्या कीबोर्डवर स्वतंत्र रॉक वादकाने आपली वाटचाल कशी उभारावी

महाराष्ट्रात राहून जुन्या कीबोर्डवर रॉक वाजवू इच्छिणाऱ्याने वाद्य निवडताना आवाजाच्याही आधी वजन आणि वीज यांचा विचार करावा. हॅमंड बी-३ या जुन्या विद्युत ऑर्गनचा मोह स्वाभाविक आहे. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांनी हॅमंड ऑर्गन गिटारसाठीच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवून गिटारच्या तोडीस तोड आवाज मिळवला होता. परंतु बाक आणि पायपट्ट्या धरून बी-३ चे वजन सुमारे १९० किलो भरते. शिवाय त्यातील स्वरचक्रे, म्हणजे स्वर निर्माण करणारी फिरती चाके, फिरवणाऱ्या मोटरचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरत असल्यामुळे, अमेरिकेतील ६० हर्ट्झसाठी बनवलेला ऑर्गन आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर चालवला, तर पांढरी एक (सी) दाबल्यावर जवळजवळ तिच्या खालची पांढरी सहा (ए) ऐकू येते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, वारंवारता बदलत नाही, हे विकत घेण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

म्हणून पहिले वाद्य म्हणून मी ऱ्होड्स स्टेज ७३ हा ७३ पट्ट्यांचा इलेक्ट्रिक पियानो सुचवेन. तेही सुमारे साठ किलोचे आहे, पण दोघांना उचलता येते आणि इलेक्ट्रिक गिटारप्रमाणे त्याला स्वतःला वीज लागत नाही. वीज लागते ती फक्त ॲम्प्लिफायरला.

त्याची दुरुस्ती मात्र स्वतःच शिकावी, कारण प्रत्येक कार्यक्रमाआधी कारागीर मिळेलच असे नाही. पट्टी दाबली की हातोडी एका बारीक पोलादी कांडीवर आपटते आणि तिचे कंपन समोरचा पिकअप (कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर करणारा चुंबकीय भाग) टिपतो. कांडीवरची छोटी स्प्रिंग टोकाकडे सरकवली की स्वर उतरतो, मागे घेतली की चढतो. कांडीचे टोक पिकअपच्या अगदी मध्यावर आले, तर वरच्या सप्तकाचा स्वर ठळक होतो. किंचित वर-खाली ठेवले, तर मूळ स्वर भरीव लागतो. हे जुळवणे कानानेच, सावकाश करावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, लाकडी पट्ट्या फुगून अडकतात आणि कांड्यांना गंज चढतो. त्यामुळे वाद्य कोरड्या खोलीत झाकून ठेवावे व सुट्या कांड्या जवळ बाळगाव्यात.

बँडमध्ये वाजवताना डावा हात आवरावा. खालचे स्वर बास गिटारचे असतात, आणि दोघांनी एकाच जागी गर्दी केली की दोन्ही वाद्ये गढूळ ऐकू येतात.

केवळ तिकिटांच्या वाट्यावर घर चालणे कठीण असते, हे आधीच मान्य करावे. इतर कलावंतांच्या गाण्यांसाठी घरून ध्वनिमुद्रण करून देणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो, कारण खऱ्या ऱ्होड्सचा रागीट, करकरीत आवाज मागणारे निर्माते असतात आणि वाद्य घराबाहेर न्यावे लागत नाही. पिकअपचा थेट आवाज आणि माइकने घेतलेला ॲम्प्लिफायरचा आवाज अशा दोन वेगळ्या फाइली द्याव्यात. दूरच्या किंवा घाईच्या कार्यक्रमाला डिजिटल कीबोर्ड नेण्यात कमीपणा मानू नये.

मानधन ठरवतानाच रचनेतील वाटा लेखी ठरवावा. सुरावट तुम्ही रचली असेल, तर संगीतकार म्हणून नाव नोंदवून घ्यावे आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे सदस्य व्हावे. केवळ वादन केले असले, तरी कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यालाही व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला आहे. त्यामुळे सर्व हक्क कायमचे सोडण्याचे कलम करारात दिसल्यास सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावे.