स्लुट्स्की वडापाववर सोडवला

अर्थशास्त्रात एम.ए.ला कलिन्याला असताना स्लुट्स्की या अर्थशास्त्रज्ञाचं १९१५ सालचं समीकरण मला पाठ होतं, सिद्धही करता यायचं. भाव बदलला की मागणी बदलते, त्यातलं किती दुसरी वस्तू स्वस्त वाटल्यामुळे आणि किती खिसा हलका झाल्यामुळे, हे ते वेगळं करतं. पण ते म्हणतंय काय, असं कुणी विचारलं की बोंब! इलाज साधा निघाला: आधी आकडे, मग चिन्हं.

उपयोगिता, म्हणजे खाण्यापिण्यातून मिळणारं समाधान, हे वडापाव गुणिले कटिंग असं धरा. खिशात २४० रुपये, वडापाव २० ला, कटिंग १० ला. अशा गुणाकाराच्या सूत्रात पैसे निम्मे-निम्मे वाटले जातात, म्हणजे ६ वडापाव आणि १२ कटिंग. वडापाव ३० ला झाला की येतात ४. दोन कमी झाले, पण कशामुळे किती? जुनीच खरेदी परवडावी म्हणून वर ६० रुपये द्या. ३०० रुपयांत माणूस ५ घेतो. म्हणजे एक वडापाव चहाने पळवला, दुसरा रिकाम्या खिशाने.

हिक्स हा दुसरा अर्थशास्त्रज्ञ मात्र जुनी खरेदी नाही, जुनी उपयोगिता (६ गुणिले १२, म्हणजे ७२) टिकवतो. त्याला साधारण २९४ रुपये पुरतात, वडापाव येतात ४.९. ३०० आणि २९४ मधले हे सहा रुपये वहीत दिसले तेव्हा कुठे दोन्ही भरपाया वेगळ्या कळल्या. भाव अगदी किंचित बदलला तर हा फरक जवळपास उरतच नाही, आणि समीकरण लिहिलेलं असतं ते त्याच किंचित बदलासाठी.