बालपणीच्या चवीचे अनारसे घरी कसे करावेत

दिवाळीच्या फराळातील चकली, शंकरपाळे किंवा लाडू यांची तयारी दोन दिवस आधी सुरू केली तरी निभावते. अनारशांचे तसे नाही. लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्यात अनारसे हवे असतील, तर तांदूळ दहा-बारा दिवस आधीच भिजत घालावे लागतात. ज्यांचे लहानपण भरल्या घरात गेले, त्यांना हा क्रम आठवत असेल: स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेले तांदळाचे पातेले, रोज सकाळी बदलले जाणारे त्याचे पाणी, आणि पुढे फडताळाच्या वरच्या फळीवर गेलेला पिठाचा डबा, ज्याला हात लावायची मुलांना सक्त मनाई असे. तसे अनारसे आता होत नाहीत, अशी खंत पुष्कळदा ऐकू येते. माझ्या मते ते आजही होतात, कारण साहित्य तेच आहे. आपण कमी केले आहेत ते मधले दिवस. तेवढे दिवस पिठाला परत दिले, तर ती चव घरच्या कढईतही मिळते.

तांदूळ जुना घ्यावा. नव्या तांदळात चिकटपणा जास्त असल्याने त्याचे पीठ गुळाबरोबर गच्च होते. सुवासिक, लांब दाण्याच्या महागड्या तांदळाची येथे गरज नाही. साधा जाडा तांदूळ उत्तम, मात्र उकडा तांदूळ चालत नाही. अर्धा किलो तांदूळ स्वच्छ धुऊन, त्यावर चार बोटे पाणी येईल असा भिजत घालावा आणि तीन दिवस ठेवावा. रोज न चुकता जुने पाणी काढून ताजे घालावे. पाणी बदलले नाही, तर तांदळाला उग्र वास येतो आणि तो तळल्यावरही जात नाही. या तीन दिवसांत दाणा आतपर्यंत भिजून हलका आंबतो. अनारशाच्या गोडीमागे जी अगदी पुसट आंबूस चव लागते, ती येथून येते. एका रात्रीत भिजवलेल्या तांदळाच्या पिठाला ती येत नाही.

चौथ्या दिवशी तांदूळ चाळणीत उपसून पूर्ण निथळू द्यावा, मग घरातच, सावलीत, सुती पंचावर पातळ पसरावा. उन्हात टाकू नये. हा सगळ्या कृतीतील सर्वांत नाजूक टप्पा आहे आणि त्याला घड्याळ लावता येत नाही, कारण पावसाळी हवेत तांदूळ सुकायला बराच वेळ लागतो आणि कोरड्या हवेत पंख्याखाली तो अर्ध्या-पाऊण तासात तयार होऊ शकतो. म्हणून हातानेच ओळखावे: मूठभर तांदूळ घट्ट दाबून सोडला असता तळहाताला गारवा आणि दमटपणा जाणवला पाहिजे, पण पाणी लागता कामा नये, चार-पाच दाणे तळव्याला चिकटून राहिले, तर तांदूळ योग्य आहे. तो पूर्ण वाळला, तर पीठ गूळ धरून ठेवत नाही आणि अनारसे कडक होतात. ओला राहिला, तर पीठ सैल होते. पूर्वी हा तांदूळ खलबत्त्यात कुटत. मिक्सरमध्ये थोडाथोडा घालून, भांडे तापू न देता दळला तरी चांगले पीठ होते. ते बारीक चाळणीने चाळावे, वर राहिलेला रवा पुन्हा दळावा आणि एक वाटी पीठ बाजूला काढून सावलीत वाळवून ठेवावे. त्याचा उपयोग पुढे सांगितला आहे.

आता गूळ. चांगला पिवळा, मऊ गूळ किसून घ्यावा. चिक्कीचा गूळ मुळीच घेऊ नये, कारण त्याने अनारसे दगडासारखे होतात. घरोघरी वाटीला वाटी असे प्रमाण सांगतात, परंतु वाटीत पीठ दाबून भरले की सैल, यावर सगळे अवलंबून असते, म्हणून वजन करणे अधिक खात्रीचे. दमट पीठ सहाशे ग्रॅम भरले, तर साडेचारशे ग्रॅम गूळ आणि दोन चमचे साजूक तूप पुरते. पाणी किंवा दूध या वेळी अजिबात घालू नये. गूळ आणि पीठ परातीत एकत्र करून तळहाताने रगडावे. सुरुवातीला मिश्रण कोरडे, भुसभुशीत वाटते, पण दहा-पंधरा मिनिटांत गूळ सुटू लागतो आणि गोळा जमतो. गुळाचा एकही खडा राहू देऊ नये, कारण तो खडा तळताना जळतो आणि तेथे भोक पडते. काही घरांत गुळाऐवजी पिठीसाखर घालतात. ते अनारसे फिकट रंगाचे आणि देखणे होतात, पण लहानपणीच्या ज्या खमंगपणाची आठवण येथे अभिप्रेत आहे, तो गुळाचाच.

या मिश्रणाचे मोठे गोळे करून कोरड्या स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत दाबून भरावेत आणि किमान पाच दिवस मुरू द्यावेत. आठ दिवस दिले तर आणखी चांगले. गूळ हळूहळू पिठातील ओलावा ओढून घेतो, विरघळतो आणि सगळीकडे सारखा पसरतो. कोरडा वाटणारा गोळा चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप मऊ पडलेला दिसतो. डबा दिवसाआड उघडून पाहावा, मात्र ओल्या हाताने पिठाला शिवू नये. घरात मुले असतील, तर हे पाहणे त्यांच्यासमोर करावे. पहिल्या दिवशीची आणि पाचव्या दिवशीची चिमूट त्यांच्या बोटावर ठेवली, की पीठ मुरते म्हणजे काय, ते त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तळायच्या दिवशी लागेल तेवढेच पीठ काढून हलक्या हाताने मळावे. फारच कोरडे वाटल्यास चमचाभर दूध किंवा पिकलेल्या केळ्याचा लहानसा तुकडा कुस्करून घालावा, परंतु हा हात आखडता असावा. सुपारीएवढ्या गोळ्या कराव्यात. केळीच्या पानावर किंवा तूप लावलेल्या प्लास्टिकच्या कागदावर खसखस पसरून त्यावर गोळी ठेवावी आणि बोटांच्या टोकांनी मध्यापासून कडेकडे सरकत थापावी. अनारसा पुरीपेक्षा किंचित जाड ठेवावा आणि मध्यभागी जाड राहू देऊ नये, नाही तर कड करपते आणि मधला भाग कच्चा राहतो.

कढई पसरट घ्यावी आणि तूप मध्यम तापल्यावर आच मंद करावी. खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा अलगद सोडावा आणि तो उलटू नये. उलटला, तर खसखस जळते आणि सगळे तूप काळवंडते. वरची बाजू शिजवण्यासाठी झाऱ्याने कडेचे गरम तूप त्यावर उडवत राहावे. पिठातील ओलाव्याची वाफ बाहेर पडते, गूळ वितळून सरकतो आणि त्या जागी बारीक छिद्रे उघडतात; हीच जाळी. एका वेळी एक, फार तर दोन अनारसे तळावेत. कड बदामी झाली की बाहेर काढून चाळणीत उभे करून ठेवावेत, म्हणजे जाळीत अडकलेले तूप निथळते. गरम अनारसा मऊ लागतो. तो निवल्यावर कुरकुरीत होतो, म्हणून मऊपणा पाहून पुन्हा कढईत टाकण्याची घाई करू नये.

पहिला अनारसा नेहमी लहान आणि चाचणीचा असावा. तो तुपात पसरून फुटला, म्हणजे हसला, तर पीठ सैल आहे, गूळ अधिक आहे किंवा तूप पुरेसे तापलेले नाही. आधी तुपाची आच तपासावी. तरीही हसत असेल, तर बाजूला ठेवलेल्या वाळल्या पिठातून एक-दोन चमचे मिसळून गोळा काही तास, शक्य असल्यास रात्रभर, झाकून ठेवावा. अनारसा न हसता घट्ट राहिला आणि जाळी पडली नाही, तर पीठ पुरते मुरलेले नाही किंवा तूप फार तापलेले आहे. हसलेल्या अनारशाचा तुपातला चुरा झाऱ्याने काढून घेत, आणि तो हक्काने मुलांचा असे. नैवेद्य होईपर्यंत अखंड अनारशाला हात लावता येत नसे, पण या चुऱ्यावर कोणाचे बंधन नव्हते; पिढ्यान् पिढ्यांना अनारशाची पहिली ओळख बहुधा त्यानेच झाली असेल. तो चुरा टाकून देऊ नये, दुधात घालून फार छान लागतो.

मुरलेले पीठ कोरड्या डब्यात तीन-चार आठवडे सहज टिकते आणि फ्रिजमध्ये त्याहून अधिक. फ्रिजमधले पीठ तळण्याआधी काही तास बाहेर ठेवावे, कारण थंड गोळा थापताना चिरतो. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची प्रथा ज्या घरांत आहे, तेथे पीठ आधीच करून ठेवण्याचा हा गुण विशेष उपयोगी पडतो. २०२३ साली अधिक श्रावण १८ जुलैला सुरू झाला होता. अशा ऐन पावसाळ्यात तांदूळ सुकायला हवा साथ देत नाही, म्हणून तेव्हा भिजवण्याचा मुहूर्त आणखी दोन-तीन दिवस मागे घ्यावा. तयार अनारसे पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. त्यांची चव दुसऱ्या दिवशी अधिक खुलते आणि ते पंधरा दिवस चांगले राहतात.