परदेशी बॅकपॅकिंगसाठी देश कसा निवडावा : आधी महिना, मग व्हिसा, मग नकाशा

पाठीवर सॅक घेऊन परदेशात तीन-चार आठवडे भटकायचे ठरले की बहुतेक जण आधी देश पक्का करतात आणि मग रजा, व्हिसा व खर्च त्याच्याभोवती जुळवत बसतात. हा क्रम उलटा केल्यास निवड पुष्कळ सोपी होते. कोणत्या महिन्यात किती दिवस मोकळे मिळणार, हे नोकरदार माणसाच्या किंवा विद्यार्थ्याच्या बाबतीत बहुधा आधीच ठरलेले असते : मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, नाही तर वर्षअखेरीस उरलेली रजा. म्हणून यादीची सुरुवात महिन्यापासून करावी आणि त्या महिन्यात जेथील हवा साथ देणार नाही ते देश त्या वर्षापुरते निःसंकोच बाजूला काढावेत.

येथे एक सावधगिरी हवी. आपल्याला जून ते सप्टेंबर असा एकच पावसाळा ठाऊक असल्यामुळे संपूर्ण देशाचा हंगाम एकच असतो असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांवर दोन वेगळे हंगाम असू शकतात. श्रीलंकेत साधारण मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो आणि गालच्या बाजूला पडतो, तेव्हा पूर्वेकडील त्रिंकोमाली आणि अरुगम बे कोरडे असतात. डिसेंबरात हे चित्र उलटते. थायलंडमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात अंदमान समुद्राकडील क्राबीला ऊन पडू लागते, पण थायलंडच्या आखातातील को सामुई बेटावर त्याच सुमारास वर्षातील सर्वांत मोठा पाऊस असतो. व्हिएतनामची लांबी इतकी आहे की डिसेंबरात उत्तरेच्या डोंगरांत थंडी, मधल्या ह्युए-होई आन भागात रेंगाळलेला पाऊस आणि दक्षिणेत कोरडी, उबदार हवा असे तिन्ही प्रकार एकाच वेळी अनुभवास येतात. देशाचे नाव पाहून न थांबता आपण त्या देशाच्या कोणत्या भागात जाणार आहोत, हेही त्या महिन्याशी ताडून पाहावे.

दिवाळीच्या आसपास नेपाळचे आकाश सर्वांत स्वच्छ असते, मात्र त्याआधी येणाऱ्या दशैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) दिवसांत सारा देश गावी निघालेला असल्याने बसमध्ये जागा मिळणे कठीण जाते. मे महिन्यात उझबेकिस्तान किंवा जॉर्जियाचा विचार करता येतो. पण जॉर्जियातील उंच खिंडी तोपर्यंत बर्फातून मोकळ्या झालेल्या नसतात, म्हणून तेथे ट्रेकसाठीच जायचे असेल तर जुलै-ऑगस्ट गाठावा. व्हिएतनामला जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी तेत या नववर्षाच्या सणाची त्या वर्षीची तारीख अवश्य पाहावी.

महिन्याची चाळणी लावून झाली की भारतीय पासपोर्टची चाळणी लावावी, आणि ती लावताना व्हिसा मिळेल का एवढ्यावर न थांबता तो कशा प्रकारच्या प्रवासाला मुभा देतो हे पाहावे. युरोपातील अनेक देशांत एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी सामान्यतः प्रवासाचा आराखडा, मुक्कामाचे आरक्षण, बँकेची विवरणपत्रे आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा विमा सादर करावा लागतो. मनात येईल तेथे दोन दिवस जास्त राहण्याची जी मोकळीक बॅकपॅकिंगमध्ये अपेक्षित असते, तिच्याशी ही पद्धत फारशी जुळत नाही. माझ्या मते पहिल्या प्रवासासाठी युरोप टाळण्याचे हे कारण खर्चापेक्षाही मोठे आहे. याउलट नेपाळला व्हिसाच लागत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, मात्र तो ठरावीक विमानतळांवर आणि सीमानाक्यांवरच चालतो. शिवाय मध्येच कंबोडियाला जाऊन परत यायचे असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा आधीच घ्यावा लागतो. थायलंड आणि मलेशियाने २०२३ च्या अखेरीस भारतीयांना व्हिसामाफी दिली, पण अशा सवलती मुदतीच्या असतात आणि बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ पुन्हा पाहावे. पासपोर्टची मुदत परतीनंतरही किमान सहा महिने शिल्लक असावी. आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून परतताना भारतात लसीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध ठरते. केनिया किंवा पेरू यादीत असल्यास हे दिवस हिशेबात धरावेत.

खर्चाच्या बाबतीत विमानभाड्याचा मोह सर्वांत फसवा असतो. तिकीट १५,००० रुपयांनी स्वस्त असले, पण तेथील राहणे-खाणे रोज २,००० रुपयांनी महाग असले, तर २१ दिवसांत ४२,००० रुपये जास्त जातात. म्हणून हॉस्टेलमधील एका खाटेचे भाडे, साधे जेवण आणि चार-पाच तासांचा बसप्रवास यांचे दर काढून रोजचा आकडा मांडावा आणि देशांची तुलना त्यावरून करावी. भूतानमध्ये भारतीयांना प्रत्येक रात्रीसाठी माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते, म्हणजे १४ रात्रींचे १६,८०० रुपये केवळ तेथे असण्याचे होतात. संथपणे हिंडून खर्च वाचवण्याची बॅकपॅकरची नेहमीची युक्ती तेथे चालत नाही.

यानंतर नकाशा उघडावा. तीन आठवड्यांत चार देश हा बेत कागदावर भरगच्च दिसतो, पण प्रत्येक सीमा ओलांडण्यात जवळजवळ एक दिवस जातो. एक देश, फार तर दोन शेजारी देश पुरेत. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा असल्याने अशा लांबट देशात एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाहून परतावे. लाओसमध्ये डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेमुळे व्हिएंतियान ते लुआंग प्राबांग हे अंतर सुमारे दोन तासांवर आले आहे, त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतील दिवसांचा हिशेब तेथे लागू पडत नाही.

सह्याद्रीत वर्षानुवर्षे ट्रेक केलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटर. पायांना सवय असली तरी विरळ हवेची नसते, आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. म्हणजे सुट्टी आठच दिवसांची असेल तर उंच ट्रेकचा देश निवडूच नये. विमा घेताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे, हेही वाचावे. शाकाहाऱ्यांना व्हिएतनामच्या बहुतेक रश्श्यांत माशांपासून केलेला सॉस आढळेल, पण ‘चाय’ (म्हणजे शाकाहारी) अशी पाटी असलेल्या खाणावळी शहरांत सहज सापडतात.

समजा डिसेंबरात तीन आठवडे आहेत, प्रवास पहिलाच आहे आणि खर्च आटोक्यात हवा आहे. नेपाळमधील उंच वाटा तेव्हा फार थंड, युरोप खर्चिक आणि दिवस लहान. उरतात नैऋत्य श्रीलंका, क्राबीकडील थायलंड आणि दक्षिण व्हिएतनाम. श्रीलंका दोन आठवड्यांत निवांत पाहून होते, असे मला वाटते. म्हणून पूर्ण तीन आठवड्यांसाठी मी हो ची मिन्ह सिटी, दा लात आणि मेकाँगचा त्रिभुज प्रदेश पाहून, मोक बाय नाक्यावरून बसने नोम पेन्ह आणि पुढे सिएम रीप गाठण्याचा मार्ग सुचवीन, कारण कंबोडियाही त्या महिन्यात कोरडा असतो. परतीचे विमान सिएम रीपहून घेतल्यास व्हिएतनामचा एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. ते हो ची मिन्ह सिटीहून बरेच स्वस्त पडत असेल, तर एका आणि अनेक प्रवेशांच्या व्हिसांच्या शुल्कातील फरक आणि उलट्या प्रवासाचे बसभाडे त्यात मिळवून पाहावे आणि मगच तिकीट काढावे. मुक्कामाचे आरक्षण मात्र पहिल्या दोन रात्रींपुरतेच करावे.