पीएम किसान व नमो शेतकरी योजनेसाठी नोंदणी कशी करावी आणि अडलेला हप्ता कसा सोडवावा

केंद्राच्या पीएम किसान योजनेतून पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून तेवढेच आणखी मिळतात; दोन्हींचे हप्ते दोन-दोन हजारांचे असतात. नमो योजनेसाठी वेगळा अर्ज लागत नाही, त्यामुळे पीएम किसानची नोंद नीट करणे हेच खरे काम आहे.

प्रथम पात्रता तपासावी. पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले मिळून एक कुटुंब धरले जाते व लाभ कुटुंबातील एकालाच मिळतो. जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर झालेली असावी लागते. त्यानंतर खरेदी केलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, मात्र खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेल्या जमिनीला ही अट आड येत नाही. मागील वर्षी आयकर भरलेले, चतुर्थ श्रेणी वगळता इतर सरकारी कर्मचारी आणि दरमहा १०,००० रुपये किंवा अधिक निवृत्तिवेतन घेणारे यांनी अर्ज करू नये, कारण घेतलेली रक्कम परत करावी लागते.

वडील वारल्यानंतर वर्षानुवर्षे सातबारा त्यांच्याच नावावर राहिलेली घरे गावोगाव आहेत, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान त्यांचेच होते. अशा घरांनी अर्जाआधी तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यावा आणि फेरफार मंजूर झाल्यावरच पुढे जावे. सामाईक सातबाऱ्यावर नावे असलेल्या विभक्त भावांना आपापल्या कुटुंबासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो.

यानंतर अ‍ॅग्रिस्टॅक या शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदवहीत नोंद करून शेतकरी ओळख क्रमांक घ्यावा. मग पीएम किसानच्या संकेतस्थळावर किंवा सीएससी (सरकारी ऑनलाइन सेवा देणाऱ्या) केंद्रात नवीन नोंदणी करताना सातबारा, आठ-अ, फेरफार, शिधापत्रिका आणि पती-पत्नी व मुलांची आधार कार्डे जवळ ठेवावीत. नाव आधारवर आहे तसेच, अक्षर न बदलता लिहावे. ई-केवायसी, म्हणजे आधारद्वारे ओळख पडताळणी, मोबाइलवरील ओटीपीने, केंद्रात अंगठा देऊन किंवा योजनेच्या अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून होते. शेतात राबून बोटांचे ठसे पुसट झालेल्या वृद्धांसाठी शेवटचा मार्ग सोयीचा आहे.

हप्ता आला नाही, तर नोंदणी क्रमांक टाकून संकेतस्थळावर स्थिती पाहावी. तेथे जमिनीची नोंद, ई-केवायसी आणि बँक खात्याची आधार जोडणी या तिन्हींपुढे ‘होय’ दिसायला हवे. यांतील बँकेच्या बाबतीत गैरसमज फार होतो. खाते उघडताना आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली असे नाही. सरकारी अनुदान आधार क्रमांकाच्या आधारे जमा होते व ते एकाच खात्यात येते, त्यामुळे ज्या खात्यात पैसे हवेत त्या शाखेत डीबीटीसाठी (अनुदान थेट खात्यात जमा होण्यासाठी) आधार जोडण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अनेकदा पैसे बुडालेले नसतात, शेवटची जोडणी असलेल्या दुसऱ्याच बँकेत जमा झालेले असतात. म्हणून जुनी पासबुके भरून पाहावीत.

जमिनीपुढे ‘नाही’ दिसल्यास सातबारा व आठ-अ घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जावे. १५५२६१ या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर योजनेच्या नावाने फिरणारी एपीके फाइल (मोबाइलवर अ‍ॅप बसवणारी फाइल) मात्र कधीही उघडू नये, कारण अशा फायलींमधून खाती रिकामी केली गेली आहेत.