हायब्रिड मीटिंगमध्ये घरून जोडलेला माणूस एकटा पडू नये म्हणून

ऑफिसातले सहाजण एका कॉन्फरन्स रूममध्ये, एकजण नाशिकहून घरून. त्याला स्क्रीनवर दिसतं काय, तर लांबलचक टेबल आणि टोकाला ठिपक्याएवढी डोकी. कोण हसलं, कशावर हसलं, काही कळत नाही. थोड्या वेळाने तो कॅमेरा बंद करून आपली मेल बघायला लागतो. त्यावर उपाय फुकटात होतो:

१. रूममध्ये बसलेल्या प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवरूनही जॉइन व्हायचं, कॅमेरा चालू ठेवून. म्हणजे त्यालाही प्रत्येकाचा चेहरा नीट दिसतो.

२. आवाज मात्र एकाच यंत्राचा. रूमचा माइक-स्पीकर चालू, बाकी सगळ्यांचे माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. नुसतं म्यूट करून भागत नाही, स्पीकर चालू राहिला की आवाज घुमतो. गूगल मीटवर ‘कम्पॅनियन मोड’ने आत आलात तर दोन्ही आपोआप बंद राहतात. टीम्समध्ये जॉइन होताना ऑडिओ न वापरण्याचा पर्याय निवडा.

३. मत विचारताना पहिला नंबर घरून जोडलेल्याचा. शेवटी ‘तुला काही बोलायचंय का रे?’ विचारलं की उत्तर ‘नाही, ठीक आहे’ असंच येतं.

४. संपल्यावर लगेच कॉल कापू नका, पाच मिनिटं चालू ठेवा. खऱ्या गप्पा तेव्हाच सुरू होतात, आणि निम्मे निर्णयही (हे साहेबांना सांगू नका).

घरच्या माणसाचं नेट रडत असेल, किंवा मागे पोराचा अभ्यास चालू असेल, तर त्याला कॅमेऱ्याची सक्ती नको.